उजवा खांदा पाऊण इंच वर

चंद्रभानजींना माणसाची पाठ पाहायची खोड आहे. भाजी आणायला बाजारात पाठवलं तर हा गृहस्थ मेथीची जुडी हातात धरून पुढे चाललेल्या अनोळखी माणसाच्या खांद्यांकडे टक लावून उभा राहतो, आणि भाजीवाली दोनदा हाक मारते तेव्हा कुठे भानावर येतो. डावा खांदा खाली म्हणजे कंडक्टर असणार, पैशांची चामडी पिशवी वागवून वागवून झुकलाय. उजवा वर आणि मान पुढे म्हणजे मास्तर, जन्मभर फळ्यावर लिहिणारा. एकदा त्यांनी राजापेठच्या चौकात एका सद्गृहस्थाला गाठून विचारलं, "भाऊ, तुमी गॅसचे सिलिंडर वाहता काय?" तो निघाला वकील. वकिलाने भर चौकात त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण जाता जाता तोच थबकला आणि आवाज खाली आणून म्हणाला की कॉलेजात असताना चार वर्षं वाहिले होते खरे, तुम्हाला कोणी सांगितलं?

"लोकं तोंड पाहून माणूस वयखतात. आमचे हे पाठमोरे वयखतात," असं त्यांच्या पत्नी वच्छलाकाकू आल्यागेल्याला सांगतात. सांगताना कपाळाला हात लावतात, पण आवाजात थोडं कौतुकही असतं.

साठी उलटलेले चंद्रभानजी मूळचे तेल्हाऱ्याचे. घरची काळी जमीन, कपाशी, तिघे भाऊ. थोरले दोघे पऱ्हाटी वेचणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायचे, आणि हे शेंडेफळ बायांच्या अंगातले सदरे काखेत कसे फाटतात ते बघत बसायचं. वडिलांनी ओळखलं की याचा शेतात उपयोग नाही. सतराव्या वर्षी त्यांना अकोल्याला भगवंतराव मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात बसवलं. मास्तर मोठे खमके. पहिले सहा महिने कात्रीला हात लावू दिला नाही. दुकानासमोरच्या बाकावर बसवायचे आणि म्हणायचे, "अंग पाह्य आधी. टेप मंग." दुसरा धडा त्यांनी दिला तो चंद्रभानजींच्या हाडांत मुरला. "आपलं काम झाकणं हाय. देवानं दिलेलं व्यंग आपल्या कापडाबाहेर दिसलं, त त्या दिवशी दुकानाले कुलूप लाव."

हा धडा चंद्रभानजी चाळीस वर्षं पाळत आले. अमरावतीत राजापेठला दुकान टाकलं ते याच जोरावर. तयार कपड्यांच्या दुकानांनी भोवतालचे सात टेलर खाल्ले, पण चंद्रभान टेलर टिकले, कारण ते दोन्ही खांद्यांचं माप वेगवेगळं घेतात. सहसा कोणाचे खांदे सारखे नसतात. ज्याचा एक वर, त्याच्या दुसऱ्या बाजूला आतून कापडाची बारीक घडी घालायची, कॉलर सुताभर सरकवून बसवायची, की वरून शर्ट असा दिसतो जणू रंध्याने सपाट केला. लहानपणी झाडावरून पडून एका बाजूला कलंडलेल्या एका नवरदेवाला त्यांनी असा कोट शिवला होता की लग्नाचे फोटो पाहून त्याच्या आईलाही क्षणभर वाटलं, पोरगं बरं झालं.

सगळी मापं लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत. माणसागणिक एक पान, दर वर्षीची एक ओळ. हे पान ते कोणालाही दाखवत नाहीत, ज्याचं आहे त्यालाही नाही. उगाच कशाला कोणाच्या मनाला लावून द्या, असं त्यांचं म्हणणं.

आता कुलदीपकडे वळू, कारण हे सगळं पुराण त्याच्यासाठी चाललंय.

कुलदीप नांदगाव खंडेश्वरचा. वय पस्तीस, बायको अंगणवाडीत, एक मुलगी. अमरावतीत तहसीलच्या रस्त्यावर ओमप्रकाशजींचं एक सेंटर आहे. उत्पन्नाचा दाखला, शाळेचे अर्ज, योजनांचे फॉर्म, असं सगळं तिथे कॉम्प्युटरवर भरून मिळतं. तिथे कुलदीप ऑपरेटर. मराठी टायपिंगला असा हात की बोटं दिसत नसत. २०१८ पासून तो दर दसऱ्याच्या सुमारास चंद्रभानजींकडे एक शर्ट शिवत आला. कोरोनाचं एक वर्ष तेवढं चुकलं.

गेल्या वर्षी घट बसायच्या आठवडाभर आधी तो कापड घेऊन आला. माप घ्यायला चंद्रभानजींनी त्याला बाह्यांची बटणं काढायला सांगितली. डाव्या बाहीचं बटण उजव्या हाताने काढायचं तर त्याला ते सापडेना. चाचपतोय, बोट घसरतंय, पुन्हा चाचपतोय. शेवटी त्याने दातांनी ओढून काढलं आणि ओशाळून हसला.

"काय झालं रे हाताले?"

"दोन बोटं बधिर हायेत काका. करंगळी अन् तिच्या बाजूचं. मुंग्या येत, आता त येतच नाहीत." मग टेपकडे बघत तो म्हणाला, "हा शर्ट जरा चांगला शिवजा. हापिसातला आखरीच असन."

मानेची नस दबतेय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काम बदला, असंही म्हणाले होते. इकडे चुका वाढत चालल्या होत्या आणि ओमप्रकाशजींनी स्पष्टच बजावलं होतं की दिवाळीपर्यंत पाहतो, नाहीतर त्या टेबलावर दुसरा माणूस बसवतो. कुलदीपला दुसरं काही येत नव्हतं. गावी चार एकर, त्यात थोरल्या भावाचं कुटुंब. "बोटं गेली त मी कोणत्या कामाचा?" तो साध्या आवाजात म्हणाला. रडगाणं नव्हतं ते.

चंद्रभानजींनी माप घेतलं. उजवा खांदा पाऊण इंच वर.

दुपारी दुकान अर्धं ओढून घेतल्यावर त्यांनी वही उघडली. २०१८, खांदे सारखे. २०१९, उजवा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, वर. २०२१, पाव इंच. पुढे अर्धा. आदल्या वर्षी अर्ध्याच्या वर. प्रत्येक ओळ त्यांच्याच हातची, आणि प्रत्येक ओळीपुढे त्यांचंच बारीक टिपण: "डावीकडे घडी वाढवली." ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. वच्छलाकाकू मागे बसून काजं करत होत्या. जेवायचं विचारायला त्या उठून आल्या.

"काय पाहून राहिले त्या वहीत?"

"वच्छला, जलमताच वाकडा असणं येगयं. हा पोरगा सरका होता. माह्या डोयाइदेखत वाकडा झाला."

"मंग?"

"मंग काहून झाला?"

झालं. हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की चंद्रभानजींचा घास घशाखाली उतरत नाही. सणाची शिलाई दारात तुंबलेली, आणि हे कुलदीपच्या खांद्याचं कोडं सोडवायला निघाले. आधी त्याची मोटारसायकल तपासली. एक हँडल वाकडं असेल असा त्यांचा कयास होता. हँडल सरळ निघालं. मग डब्याची पिशवी. ती तो डाव्या खांद्यावर घेई, म्हणजे उजवा वर जाणारच, सापडलं म्हणून ते खूश झाले. पण पिशवीत निघाल्या दोन पोळ्या आणि भाजी. पाव किलोने माणूस वाकत नाही. उशी केवढी घेतोस, कोणत्या कुशीवर झोपतोस, फोन मानेत धरून बोलतोस का, असले प्रश्न दुकानातून फोन करकरून विचारले. शेवटी कुलदीपची बायको वैतागून म्हणाली, "काका, शर्ट शिवता का पंचनामा करता?"

राहिली खुर्ची. पण खुर्ची तर कुलदीपने कधीच बदलली होती. डॉक्टरांकडून आल्याबरोबर स्वतःच्या खिशातून जाळीच्या पाठीची, वरखाली होणारी नवी खुर्ची आणली, वर बायकोने दिलेली गादी, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. एखाद्या साहेबाला हेवा वाटावा असं सिंहासन. दुखणं तसूभर हललं नव्हतं.

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी," चंद्रभानजी म्हणाले. "मी पाहूनच येतो."

सोमवारी साडेदहाला ते सेंटरवर जाऊन मागच्या बाकावर बसले. गळ्यात टेप तशीच राहिली होती, त्यामुळे एका बाईने त्यांना इथे ब्लाऊजही शिवून मिळतात का म्हणून विचारलं. ओमप्रकाशजींना वाटलं पडद्यांचं माप घ्यायला कोणी पाठवलंय. चंद्रभानजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कुलदीपची पाठ बघत होते.

पाठ खुर्चीत बरोबर बसली होती. कमरही ठीक. पण डोकं? डोकं सारखं डावीकडे. कॉम्प्युटरचा पडदा कुलदीपच्या समोर नव्हताच. तो टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, तिरका, स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला. गिऱ्हाईक पडद्यात नाक खुपसून बसलेलं. "दाखव बरं भाऊ, माह्या बापाचं नाव दाखव." "हे पाहा काका, तुमच्या वडलांचं नाव, हे गाव, हा सर्व्हे नंबर." कुलदीप धड समोर ठेवून मान वळवून वाचणार, तशीच मान ठेवून टाइप करणार, पुढचा माणूस येणार. चंद्रभानजींनी तासभर मोजलं. अकरा गिऱ्हाइकं झाली आणि मान सरळ झाली ती फक्त चार वेळा. त्यातल्या दोन शिंका होत्या आणि एकदा चहा आला होता.

पडदा असा का? ते बाजूच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं. कुलदीप इथे लागला त्या पहिल्याच वर्षी माणिकबाई नावाची एक म्हातारी दाखल्यासाठी आली होती. दुसऱ्या कुठल्या दुकानात तिचा फॉर्म तीनदा चुकीचा भरला गेला होता आणि तीनदा तिने गावाहून भाडं घालवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण नातीला येत होतं. कुलदीपने पडदा त्या दोघींकडे वळवला आणि म्हणाला, पाहा, चुकलं तर सांगा. नातीने अक्षर अक्षर वाचून दाखवलं. माणिकबाईने गावभर सांगितलं की त्या सेंटरवर एक पोरगा दाखवून काम करतो. तेव्हापासून इतर टेबलं रिकामी असली तरी लोक कुलदीपसमोर रांग लावून बसतात, आणि पडदा पुन्हा कधी सरळ झालेला नाही.

मान कळली. पण खांदा? चंद्रभानजी उठून बाजूला गेले आणि वाकून बघू लागले. की-बोर्ड टेबलाखालच्या सरकत्या फळीवर होता. फळी अरुंद, माउस तिच्यावर मावत नव्हता, म्हणून तो वर टेबलावर. डावा हात खाली, उजवा वर, कोपर हवेत लटकलेलं. गळ्यातली टेप काढून त्यांनी फळीपासून टेबलापर्यंत माप घेतलं. साडेचार इंच. स्टुलावरच्या गिऱ्हाइकाने पाय आखडून घेतले.

दिवसाचे आठ तास, सात वर्षं, हा माणूस एक हात साडेचार इंच उचलून बसलेला होता. चंद्रभानजींना इतका आनंद झाला की क्षणभर ते हसलेच. कोडं सुटलं होतं. आणि मग त्यांना वहीतली ती टिपणं आठवली आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

त्यांनी कुलदीपला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. पडद्याचं सांगितलं, माउसचं सांगितलं. कुलदीप ऐकत होता, अधूनमधून आपल्याच कोपराकडे बघत होता. "डॉक्टर हेच सांगत होते वाटते," तो हळूच म्हणाला. "काम बदला, नाही त कामाची पद्धत बदला, असं म्हणले होते. पद्धत म्हणजे काय, हे काही आपण विचारलं नाही."

इथवर गोष्ट चांगली चालली होती. चंद्रभानजींनी इथेच थांबायला हरकत नव्हती. कुलदीपने जन्मभर त्यांना दुवा दिला असता. पण त्यांच्या पोटात ते राहीना.

"कुलदीप, तुहा खांदा चढून राहिला हे मले २०१९ पासून माहीत होतं."

कुलदीपने कप खाली ठेवला.

"तवा एकच सूत होता, मंग दर साली माप वाढे. मी दर साली डावीकडं घडी घालून तो झाकत गेलो. शर्ट चांगला दिसला पायजे ना. आरशात तुले सरकं दिसे. घरी बायकोले सरकं दिसे. कोणाले दिसणार कसं? मीच दिसू देलं नाही."

"अन् मले सांगतलं कावून नाही?"

"आमच्यात सांगत नसतात. झाकत असतात."

हे बोलताना आपण किती मूर्खासारखं बोलतोय हे चंद्रभानजींना कळत होतं. पण खरं तेवढंच होतं. कुलदीप उजव्या हाताची ती दोन बोटं डाव्या हाताने दाबत म्हणाला, "तवा एका सुताचा फरक होता म्हणता. तवा सांगतलं असतं, त हे झालं नसतं काका." आणि चहाचे पैसे न देता निघून गेला. ज्याने गेल्या सात वर्षांत एकदाही काकांना चहाचे पैसे देऊ दिले नव्हते, तो असा निघून गेला, ते त्यांना फार लागलं.

घरी येऊन त्यांनी वच्छलाकाकूंना सगळं सांगितलं. काकूंनी सुई थांबवली नाही. "तो लोकायले दाखवता दाखवता वाकला, अन् तुमी झाकत बसले," त्या म्हणाल्या. "आता नुसतं तोंड पाडून काय होते? जा अन् करा काही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानजी पुन्हा सेंटरवर हजर. काखेत फळी, खिशात स्क्रू. कपडे बेतायच्या पाटाचा तुकडा होता तो, कडा घासून गुळगुळीत केलेला. कुलदीपने मान वर केली नाही. चंद्रभानजी गुडघ्यावर बसले आणि सरकत्या फळीच्या उजव्या अंगाला ती फळी जोडू लागले. जाडेपणामुळे टेबलाखाली शिरताना त्यांचा श्वास लागला, एक स्क्रू निसटून गडगडत गेला. थोड्या वेळाने कुलदीपने पायाने तो स्क्रू त्यांच्याकडे सरकवला. माउस खाली आला, उजवं कोपर डाव्याच्या बरोबरीला बसलं. खाली उजव्या पायाशी कॉम्प्युटरचं खोकं होतं, तेही त्यांनी पाय सरळ राहावा म्हणून भिंतीकडे ढकललं.

पडद्याचं घोडं अडलं ते ओमप्रकाशजींपाशी. पडदा सरळ केला की गिऱ्हाईक नाराज होणार, आणि गिऱ्हाईक हीच तर या टेबलाची कमाई. "लोकं येतात ते दाखवतो म्हणून येतात. मी बी काय करू?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, धंद्यात अडकलेला होता. चंद्रभानजी माळ्याकडे बघत होते. माळ्यावर धुळीने भरलेला एक जुना पडदा पालथा पडलेला होता.

"तो चालू हाय?"

"हाय ना. लहान हाय म्हणून टाकला."

"मंग एक कॉम्प्युटर, दोन पडदे, असं होत नाही काय? याचा याच्यासमोर, लोकायचा लोकायसमोर."

बाजूच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, होतं की, एक वायर लागते फक्त. त्या सेंटरवर सहा माणसं रोज कॉम्प्युटरवर पोट भरत होती, आणि हे सुचलं एका शिवणाऱ्याला. असो. कुलदीपचा पडदा समोर आला, त्याच्याखाली जुन्या रजिस्टरांची चळत ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणला. लहान पडदा स्टुलासमोर बसला.

हे सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने हुज्जतच घातली. लहान पडद्यावर आपलं नाव अगदी बरोबर दिसत असूनही तो उठून टेबलाला वळसा घालून कुलदीपच्या मागे येऊन उभा राहिला. "आमाले एक दाखवता अन् तिकडं तुमी दुसरंच लिहिता," हा त्याचा संशय. कुलदीपने त्याला मागेच उभं ठेवलं, एक अक्षर टाइप केलं, पुढे जाऊन बघा म्हणाला. म्हातारा पुढे, मागे, पुन्हा पुढे असा चार फेऱ्या मारून शांत झाला आणि मग रांगेतल्या बाकीच्यांना तोच समजावून सांगू लागला. त्याहून मोठा त्रास कुलदीपच्या मानेचा. पडदा समोर आला तरी मान आपोआप डावीकडे वळे आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राही. अर्ध्या अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायचं, खांदे सोडून उभं राहायचं, असं डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. पहिले काही दिवस गर्दीत ते साधेना. मग रांगेतलेच लोक आठवण करू लागले, "भाऊ, उठा आता, आमी थांबतो."

हे सगळं चंद्रभानजींना कळे ते बाजूच्या टेबलावरच्या माणसाकडून, कारण तोही आता त्यांचं गिऱ्हाईक झाला होता. कुलदीप दुकानाकडे फिरकला नाही. त्याचं निळ्या रेघांचं कापड फळीवर तसंच पडून होतं. चंद्रभानजी रोज ते हातात घेत, खडू उचलत आणि ठेवून देत. पाऊण इंचाची घडी घालून कापायचं तर हात धजेना, आणि न घालता कापायचं तर चाळीस वर्षांची सवय आडवी येई. दरम्यान दुकानात एक नवा प्रकार सुरू झाला होता. माप घेतलं की ते गिऱ्हाइकाला खांद्यांचे दोन्ही आकडे मोठ्याने सांगू लागले. एका बँकेतल्या साहेबांना राग आला. "शिवायले आलो का तपासायले?" असं म्हणून ते कापड उचलून गेले, ते परत आले नाहीत.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी कुलदीप आला. दारातच म्हणाला, "ओमप्रकाशजीनं ठेवलं मले. स्पीड पहिलेसारखी नाही, पण चुका कमी झाल्या." मग जरा थांबून, "हे एक बोट जागं झालं. सुई टोचली त समजते." त्याने करंगळीच्या शेजारचं बोट पुढे केलं. "करंगळीचं काही सांगता येत नाही म्हणतात. लय दिवस दबून राहिली ना."

चंद्रभानजींना त्या करंगळीकडे बघवेना. इतकी साधी गोष्ट होती, एका वाक्याची, आणि ती त्यांनी सांगितली नव्हती. त्यांना लाज वाटली, या वयात वाटावी त्याहून जास्त. ते आत गेले आणि शर्ट घेऊन आले. शेवटी आदल्याच रात्री त्यांनी तो कापून शिवून टाकला होता, दोन्ही खांदे सारखे ठेवून. आत घडी नाही, काही नाही.

कुलदीपने शर्ट अंगात घातला. चंद्रभान टेलरच्या इतिहासात असा शर्ट दुकानातल्या आरशासमोर कधी उभा राहिला नसेल. उजवीकडे कॉलर उचललेली, गळ्यापासून छातीपर्यंत तिरक्या चुण्या. मागून वच्छलाकाकूंनीही काजं करणं थांबवलं.

"चुण्या पडून राहिल्या काका."

"हो. त्या शर्टाच्या नाहीत, तुह्या हायेत."

कुलदीपने आरशात पाहिलं. दर वर्षी याच आरशात त्याला एक सरळ माणूस दिसत आला होता. आज जो दिसला त्याच्याकडे तो नवल वाटल्यासारखा बघत राहिला. मग त्याने उजवा खांदा हळूच खाली सोडला. चुण्या विरल्या, कॉलर बसली. चारपाच श्वास तसा राहिला, आणि त्याचं लक्ष नसताना खांदा पुन्हा वर चढला, चुण्या पुन्हा उमटल्या.

"पाहिलं?" चंद्रभानजी म्हणाले. "खांदा चढला की हा शर्ट सांगन तुले. मी नसलो तरी."

कुलदीपने मान डोलावली. मग डाव्या बाहीचं बटण लावायला घेतलं. उजव्या हाताने, करंगळी आखडलेली, बाजूचं बोट नुकतं जागं झालेलं. बटण काजाशी येई आणि निसटे. चंद्रभानजींचे हात सवयीने पुढे झाले.

"राहू द्या. मी लावतो," कुलदीप म्हणाला.

चंद्रभानजी हात मागे घेऊन उभे राहिले. बाहेर दिवाळीची गर्दी वाहत होती, दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. बटण तिसऱ्यांदा निसटलं, चौथ्यांदा निसटलं. पाचव्यांदा आत गेलं.

कुलदीपने बाही झटकली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पुढच्या दसऱ्याले येतो काका," तो म्हणाला. "जे दिसन ते सांगजा."